घर थांबेल, गोळी थांबवू नका



२०२२ च्या एका बॅचमध्ये मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "आधी घर घ्या. हप्ता सुरू झाला की माणूस आपोआप कमावतो." सगळ्यांनी मोबाईल काढून फोटो घेतले. मलाही भारी वाटलं.

त्याच बॅचमधली एक ताई मागच्या महिन्यात दुकानावर आली. घरून मसाले करून विकते. दोन बँकांनी गृहकर्ज नाकारलेलं, आणि वर्षभरापासून डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू. काउंटरपाशी उभी राहून म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाला होतात प्रेशर आलं की माणूस कमावतो. मला प्रेशर आलं की अंथरुणातून उठवत नाही."

उत्तर माझ्याकडे होतं, पण कॅमेऱ्यासमोर ते मी कधी बोललो नव्हतो. कारण ते द्यायचं तर माझीच गोष्ट सांगावी लागते. त्या दिवशी तिला चहा पाजून सांगितली. आज तिची परवानगी घेऊन तुम्हाला सांगतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला पटत नसेल तर इथेच वाद घालता येईल. डिप्रेशन असलेल्या माणसाने घराचं स्वप्न सोडायचं काही कारण नाही. पण घर आणि तब्येत यांची खाती वेगळी ठेवायची, आणि पैसे किंवा ताकद कमी पडली तर कपात घराच्या खात्यात करायची. औषधाच्या खात्यात एक रुपयाचीही नाही. मी नेमकं उलटं केलं होतं.

माझं काय झालं

दिंडोरीत माझं पाईप, हार्डवेअर आणि ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत आहे. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, मला हळूहळू काहीच करावंसं वाटेनासं झालं. शटर आठऐवजी अकराला उघडायचं. उधारी मागायला फोन हातात घ्यायचो आणि तसाच खाली ठेवायचो. जीएसटीचं रिटर्न दोनदा लेट झालं. जेवण जायचं नाही, रात्री तीनला जाग यायची. बायकोने जबरदस्तीने नाशिकला मानसोपचार तज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार आठवड्यांनी जरा उजाडल्यासारखं वाटलं, आणि सहा महिन्यांत मी परत माणसात आलो. गोळ्या चालूच होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बरं वाटलं तरी मला न विचारता बंद करायच्या नाहीत.

मग २०२३ उजाडलं आणि मी घर घ्यायला निघालो.

पहिला फटका एप्रिलमध्ये. गावाच्या कडेला एका लेआउटमध्ये रो-हाऊस बघितलं. मालक ओळखीचे, जागा छान, पाठीमागे द्राक्षाचा बाग. दीड लाख इसार दिला. त्यातले ऐंशी हजार बायकोच्या बांगड्या तारण ठेवून उभे केले होते. जूनमध्ये बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आला. जमीन बिगरशेती झालेलीच नव्हती. गुंठ्यांनी पाडलेले तुकडे, तेही तुकडेबंदीच्या नियमात न बसणारे. बँक म्हणाली, जमणार नाही. इसार पावतीवर "कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत" असं काही लिहिलेलं नव्हतं. पैसे आले, पण सात महिन्यांत, चार तुकड्यांत, दर वेळी दारात जाऊन उभं राहिल्यावर.

दुसरा फटका ऑगस्टमध्ये. या वेळी म्हसरूळला, दिंडोरी रोडवर, ३३ लाखांचा फ्लॅट. कागद स्वच्छ. मला २६ लाखांचं कर्ज हवं होतं. मंजूर झालं १७ लाख. बँकेने मला काही फसवलं नव्हतं, हिशोब सरळ होता. माझ्या आयटीआरमध्ये वर्षाचं उत्पन्न ४ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला ३५ हजार. बँकेने त्यातले निम्मे हप्त्यासाठी धरले, साडेसतरा हजार. गाडीचा २,२०० चा हप्ता वजा केला, उरले १५,३००. नऊ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एका लाखाला साधारण ९०० रुपये हप्ता बसतो. भागाकार करा, १७ लाखच येतात. खरी कमाई याहून बरी होती, पण रोखीची सगळी विक्री मी कागदावर दाखवतच नव्हतो. दर वर्षी टॅक्स वाचवल्याचा आनंद घेत होतो, त्याचं बिल तिथे आलं.

आता खरी चूक ऐका. मला वाटलं, नऊ लाखांची तफावत मी पै-पै वाचवून भरून काढेन. वहीत खर्चाची यादी केली आणि जे जे "नडत नाही" ते खोडलं. त्यात एक ओळ होती: डॉक्टर आणि गोळ्या, महिन्याला सुमारे सोळाशे. बरा तर झालोय, असं म्हणून तीही खोडली. बायकोला सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जोरात. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे गोडी छाटणी. ड्रिपर, लॅटरल, फिल्टर, व्हेंचुरी, सगळ्याची विक्री याच दिवसांत. माझं शटर अकराला उघडत होतं. गिऱ्हाईक कोण थांबतंय? त्याने वणीहून नाहीतर पिंपळगावहून माल नेला. आदल्या वर्षी त्या दोन महिन्यांत नऊ लाखांची विक्री होती, त्या वर्षी साडेपाच. साडेतीन लाखांची विक्री गेली. बारा टक्के मार्जिनने ४२ हजार रुपये. वाचवले किती? अडीच महिन्यांत चार हजार.

हा झाला पैशाचा हिशोब. दुसरा हिशोब असा की नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रात्री माझ्या डोक्यात आलं, मी नसलो तर या लोकांचं बरं चालेल. हा विचार मला अगदी शहाणपणाचा वाटत होता, यातच सगळं आलं. मी बायकोला उठवलं आणि गोळ्या बंद केल्याचं सांगितलं. ती रागावली नाही. सकाळी सहाला आम्ही नाशिकच्या रस्त्याला लागलो.

आजारपण आपलंच वकीलपत्र घेतं

घराचा व्यवहार फिसकटला की वाईट कुणालाही वाटतं. चार दिवस चिडचिड होते, मग माणूस दुसरं घर बघतो. डिप्रेशनमध्ये तसं होत नाही. तिथे बँकेचं "कर्ज मंजूर नाही" हे पत्र "तू नालायक आहेस" असं वाचलं जातं. कागदावर लिहिलेलं असतं उत्पन्न, हप्ता, टायटल. आपण वाचतो बाप म्हणून नापास, नवरा म्हणून नापास.

त्यात आपण धंदेवाले. नोकरदाराला निदान पगाराची स्लिप असते. आपली कमाई, आपली पत आणि आपली किंमत हे सगळं आपण एकाच गल्ल्यात टाकतो. लग्नकार्यात पहिला प्रश्न, "घर झालं का स्वतःचं?" गल्ला चालतो कसा, उधारी किती अडकली आहे, हे कुणी विचारत नाही.

आणि आमच्यासारखे ट्रेनर त्यात तेल ओततात. "मोठं स्वप्न बघा, रिस्क घ्या, झोपू नका." ज्याची झोप आधीच उडाली आहे त्याला हे ऐकवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. फळ्यावरचं ते वाक्य मी मागे घेतो. हप्ता कुणाला कमवायला लावत नाही. चालू धंद्याला तो पेलवतो, बसलेल्या धंद्याला तो खाली ओढतो.

याचा पुरावाही मला लगेच मिळाला. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. माझ्या उधारीच्या वहीतल्या बऱ्याच शेतकऱ्यांचे बाग झोडपले गेले. त्यांच्याकडे पैसे मागायला तोंड नव्हतं. २६ लाखांचं कर्ज मिळालं असतं तर महिन्याला २३,४०० चा हप्ता माझ्या मानेवर असता. म्हणून कर्ज नाकारलं ते बरंच झालं, असं मी म्हणणार नाही. ते घर आम्हाला हवं होतं, आणि ते हुकल्याचं आजही वाटतं. पण बँकेचा भागाकार माझा अपमान करत नव्हता, एवढं मला त्या डिसेंबरात समजलं.

"पण भाव वाढतील त्याचं काय?"

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. वर्षभर थांबलात तर घर महाग होऊ शकतं. पण तुम्ही धंदेवाले आहात, दुसरी बाजू पण मांडा. आजारी अवस्थेत केलेल्या व्यवहारात काय काय जातं? आपण कागद नीट वाचत नाही, कारण चार ओळींवर लक्ष टिकत नाही. आपण भाव करत नाही, कारण समोरच्याशी बोलायची ताकद नसते. नाहीतर एकदम घाई करतो, कारण वाटतं हे घर झालं की सगळं बरं होईल. माझा इसार मी असाच देऊन बसलो होतो. भाव तीन टक्के वाढल्याचं नुकसान वहीत लिहिता येतं. बुडालेला सीझन आणि फसलेला कागद त्याहून महाग पडतो.

आमचे डॉक्टर सांगतात, तब्येत खाली असताना मोठा निर्णय पुढे ढकला. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टॉक मोजल्याशिवाय नवा माल उचलायचा नाही. फक्त ढकलायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही. मधल्या काळात करण्यासारखी कामं बरीच आहेत, आणि ती छोटी आहेत. छोटी कामं डिप्रेशनमध्ये औषधासारखी लागतात, कारण ती पूर्ण होतात.

मधल्या काळात काय करायचं

१. आयटीआर खरा भरा. बँका सहसा दोन-तीन वर्षांचे रिटर्न बघतात. म्हणजे घराची तयारी घर बघण्याच्या तीन वर्षं आधी सुरू होते. टॅक्स जाईल, पण कागदावर पत तयार होईल. मी २०२४ पासून हे करतोय.

२. नकार आला की लगेच चार बँकांत फॉर्म टाकू नका. मी त्या ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांत तीन ठिकाणी अर्ज केले होते. प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत जास्त चौकश्या दिसल्या की स्कोअरला झळ बसते. आधी नकाराचं कारण बँकेकडून नीट समजून घ्या. आपला रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

३. इसार देण्याआधी सातबारा, फेरफार आणि बिगरशेती आदेश वकिलाला दाखवा. दोन-चार हजार फी जाईल, जाऊ द्या. तुकडेबंदीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून आजची स्थिती वकिलालाच विचारा. आणि पावतीवर लिहून घ्या: टायटलमध्ये दोष निघाला किंवा कर्ज मंजूर झालं नाही तर इसार अमुक दिवसांत परत. समोरचा लिहून द्यायला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

४. बिल्डरकडून घेत असाल तर महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्प शोधा. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मात्र अगदी छोट्या योजनांना, म्हणजे ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर, रेरा नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावात अशा योजना बऱ्याच असतात, तिथे वकील दुप्पट गरजेचा.

५. वरचा खर्च आधी धरा. ३३ लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून दोन लाखांच्या आसपास जात होते, ते मी सुरुवातीला हिशोबातच घेतले नव्हते. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तीही विचारात घ्या.

६. भाड्याचं घर घरासारखं करा. आम्ही दर ११ महिन्यांनी "यंदा मालक काय म्हणतील" या धाकात असायचो. मग मालकांशी बोलून ३६ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केला. तसं पाहिलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार रजिस्टर करणं सक्तीचंच आहे. त्या एका कागदाने माझी जेवढी झोप परत आणली, तेवढी मला फ्लॅटच्या ब्रोशरने कधी दिली नव्हती.

७. दुकानाचं भांडवल घराच्या डाऊन पेमेंटला लावू नका. दोन खाती वेगळी. आणि तिसरं खातं औषधाचं, सहा महिन्यांचे पैसे बाजूला. माझ्या वहीत आता ती ओळ भाडं आणि लाईट बिलाच्या वर आहे.

"बँकेला कळलं तर?"

ताईने सर्वात हळू आवाजात विचारलेला प्रश्न हाच होता. मी गोळ्या घेते हे कळलं तर माझी सही चालेल का?

चालते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये स्पष्ट आहे की नुसता मानसिक आजार आहे म्हणून माणूस अस्थिर मनाचा ठरत नाही, तसं कोर्टाने जाहीर करावं लागतं. तुमचा करार, तुमची सही, तुमचं दुकान, सगळं तुमचंच आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांवर शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारालाही आरोग्य विम्यात संरक्षण देण्याचं बंधन टाकलंय. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या.

एक ठिकाण मात्र जपा. कर्जासोबत बँक विमा पुढे करते, त्याच्या फॉर्मवर आजार आणि औषधं विचारलेली असतात. तिथे खरं लिहा. लपवलं तर उद्या घरच्यांवर दावा नाकारला जाण्याची वेळ येईल.

आणि घरात एका माणसाला सगळं माहीत हवं. माझी अट आता अशी आहे: दहा हजारांच्या वरचा कुठलाही इसार, टोकन, अर्ज बायकोने वाचल्याशिवाय जात नाही. आणि गोळ्यांची पाकिटं ती मोजते. सुरुवातीला मला हे कमीपणाचं वाटलं. मग लक्षात आलं, दुकानात मी मुनीमजींच्या रोकडीची मोजदाद रोज करतो, त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

श्रद्धेबद्दल एक शब्द

आमच्या भागात कुणाचं बिनसलं की लोक सांगतात, गडावर जाऊन देवीचं दर्शन घेऊन ये. मी गेलो. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढताना मला खरंच बरं वाटलं. संध्याकाळी घरी येऊन गोळी घेतली. दोन्हींत काही भांडण नाही. भांडण आहे ते "मन खंबीर कर, गोळ्यांची सवय लागते" म्हणणाऱ्यांशी. हेच लोक बीपीची गोळी रोज सकाळी घेतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की भारतात साधारण २० पैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येतं, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळतच नाहीत. आपल्या ४० जणांच्या बॅचमध्ये दोघं तरी असतील. ते पहिल्या बाकावर बसून फळ्याचा फोटो काढत असतील.

मी दुकानदार आहे, डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. नाशिकला जाणं जमत नसेल किंवा कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. "मी नसलो तर बरं" असं काही डोक्यात आलं तर सकाळची वाट बघू नका. शेजारी झोपलेल्या माणसाला उठवा आणि हा नंबर लावा.

आज कुठे आहे मी

घर अजून झालेलं नाही. भाड्यानेच राहतोय, दिंडोरीतच. बांगड्या सोडवल्या. खरे आयटीआर साचत आहेत. मुलगी अधूनमधून विचारते, आपलं घर कधी? मी सांगतो, बघतोय बाळा. पूर्वी या प्रश्नाने माझा दिवस जायचा. आता तो प्रश्न ऐकून मी दुकानावर जातो.

त्या ताईला मी शेवटी एवढंच सांगितलं, या वर्षी फॉर्म भरू नकोस, मसाल्याचं बिलबुक नीट ठेव आणि डॉक्टरांची तारीख चुकवू नकोस. ती म्हणाली, "एवढंच?" म्हटलं, एवढंच. तेही पुष्कळ आहे.

तुम्हाला या आठवड्याचं काम: वहीत तीन खाती आखा. दुकान, घर, तब्येत. तिसऱ्या खात्यात पहिले पैसे टाका. आणि उद्या जमलं तर शटर आठला उघडा. नाही जमलं तर अकराला उघडा, पण उघडा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.